‘ती’च्या जागी ‘मी’

राजवाड्याजवळच्या वाड्यातल्या सासू-सुनेची कथा लिहीत होते. एकाच परिच्छेदात सुनेला भीती वाटायची, लगेच सासूला तिची कीव यायची. धाकटी बहीण वाचून म्हणाली, “ताई, मी नक्की कोणाच्या मनात आहे?”

मग हा प्रसंग फक्त सुनेच्या नजरेतून सांगायचं ठरवलं. निवेदन तृतीयपुरुषीच ठेवलं, पण ‘ती’च्या जागी ‘मी’ घालून एकेक वाक्य मोठ्यानं वाचलं. ‘तिचा चेहरा लाल झाला’ तिथेच अडकलं. स्वतःचा चेहरा तिला कुठून दिसणार? ‘तिचे कान तापले’ केलं. ‘सासूला कीव आली’ तर सरळ खोडलं. आता सासू सुनेच्या पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरते, क्षणभर थांबते, आणि आपल्या बशीतली शेव तिच्या बशीत सारते. सासूचं मनही मला हवंच होतं. एक ओळ मोकळी सोडून पुढचा प्रसंग तिच्या नजरेतून लिहिला.