व्हॉइसमेल पिन घेत नसेल तर पिनच्या मागे लागू नका

अ‍ॅस्टरिस्क हे ऑफिसचे फोन चालवणारं सॉफ्टवेअर बसवलंय, एक्स्टेन्शन (टेबलाटेबलांचे आतले नंबर) रजिस्टर झालीत, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कॉल लागतोय, एवढं झालंय असं धरून लिहितोय. त्यापुढे व्हॉइसमेल जोडणं अवघड नाही. मेलबॉक्स उघडायचा, डायलप्लॅनमध्ये (कॉल आला की काय करायचं ते लिहिलेल्या यादीत) वीसेक सेकंद रिंग वाजू द्यायची आणि उचलला नाही तर कॉल व्हॉइसमेलकडे सोपवायचा. फोनवरचा मेसेजचा दिवा लागत नसेल, तर एंडपॉइंटमध्ये (त्या फोनच्या सेटिंगमध्ये) मेलबॉक्स कॉन्टेक्स्टसकट (तो ज्या गटात आहे त्याच्या नावासकट), म्हणजे '१०१@डिफॉल्ट' असा लिहिलाय का ते बघा. बहुतेक वेळा तेवढंच राहिलेलं असतं.

मी अडकलो ते याच्या पुढे. पहिलंच काम होतं. ऑफिसात बसून मेसेज ठेवला, ऐकला, पुसला, सगळं चोख. दुसऱ्या दिवशी बाहेर फिरणाऱ्या लोकांनी मोबाइलवरून मेलबॉक्स ऐकायचा प्रयत्न केला आणि तक्रारी सुरू झाल्या: पिन चुकीचा सांगतंय. मी पिन बदलून दिले. सावकाश दाबा म्हणून सांगितलं. एका बाईंचा पिन तिसऱ्यांदा बदलला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मी दाबतेय ते त्याला ऐकूच जात नाहीये." त्या शब्दशः बरोबर होत्या. दोन दिवस मी त्यांचंच चुकतंय असं धरून चाललो होतो, याचं अजून वाईट वाटतं.

झालं होतं ते नीट समजून घ्या. फोनचं बटण दाबलं की दोन सूर एकदम वाजतात, यालाच डीटीएमएफ म्हणतात. ५ दाबला तर ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ. हे सूर आवाजातूनच पाठवले तर तो इनबँड डीटीएमएफ. जी.७११ कोडेक (आवाज डेटात बदलायची पद्धत) सेकंदाला ६४ किलोबिट वापरतो, त्यात सूर शाबूत राहतात. जी.७२९ तेच काम ८ किलोबिटमध्ये करतो, पण तो माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेला आहे. शुद्ध सूर त्यात वेडेवाकडे होतात. आमचे आतले फोन जी.७११ वर होते. बाहेरचा ट्रंक (फोन कंपनीशी जोडणारी लाइन) जी.७२९ वर जुळत होता आणि सेटिंग इनबँड. म्हणून आतून सगळं ठीक, बाहेरून कधी चारातला एक आकडा पोचायचा, कधी एकही नाही.

उपाय असा की आकडा आवाजात न मिसळता वेगळं पॅकेट म्हणून पाठवायचा. त्याचं मानक २००० साली आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) २८३३ म्हणून आलं, २००६ मध्ये त्याची जागा आरएफसी ४७३३ ने घेतली. पीजेसिपमध्ये (इंटरनेटवरचे कॉल हाताळणाऱ्या भागात) ट्रंकच्या एंडपॉइंटला हाच मोड द्या आणि समोरच्याच्या एसडीपीमध्ये (कॉल जुळताना आपल्याला काय चालतं ते कळवणाऱ्या मजकुरात) 'टेलिफोन-इव्हेंट' ही ओळ येतेय याची खात्री करा. ती येतच नसेल तर ट्रंक जी.७११ वर आणा, मग इनबँडही चालेल. आकडे दुप्पट येऊ लागले, १२३४ चे ११२२३३४४, तर दोन्ही वाटांनी पोचतायत असं समजा.

ते चुकीचं सेटिंग आलं कुठून? एका अनुभवी माणसाने मायेने दिलेल्या तयार फाइलमधून. मला विचाराल तर तयार फाइल देणाऱ्यापेक्षा "लॉगमध्ये काय दिसतंय?" एवढंच विचारणारा गुरू लाखमोलाचा. जुनी चॅन-सिपची (पीजेसिपच्या आधीच्या भागाची) सेटिंग तर उचलूच नका, २१ व्या आवृत्तीपासून ते अ‍ॅस्टरिस्कमध्ये नाहीच.

आणि एक्स्टेन्शनचा नंबरच पिन म्हणून ठेवू नका. अजिबात नाही. मेलबॉक्समधून बाहेर कॉल लावायची सोय सुरू असेल, तर असा पिन ओळखून कुणीही तुमच्या बिलावर परदेशात बोलत बसेल.

बाकी घाबरू नका, हे सगळं अर्ध्या तासात तपासता येतं. लॉगरच्या फाइलमध्ये कन्सोलच्या ओळीला 'डीटीएमएफ' जोडा, लॉगर रीलोड करा आणि ऑफिसच्या नेटवर्कवर नसलेल्या मोबाइलवरून स्वतः कॉल करा. मोड बदलल्यावर मी त्या बाईंनाच कॉल करायची विनंती केली. त्यांनी चार आकडे दाबले, कन्सोलवर चारही एकामागून एक उमटले, आणि पलीकडून त्यांचा आवाज आला, "हं, आता मेसेज सांगतोय."