शेपूट सोडा : उंदरांबरोबर काम सुरू करणाऱ्यांसाठी

माझ्या हातात पहिला उंदीर आला तो शेपटीला लटकलेला. सीनियरने तसा उचलून दाखवला, मीही तसंच शिकले. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी५७ब्लॅक६ जातीची काळीभोर मादी, वजन जेमतेम २० ग्रॅम. ती हवेत पाय मारत होती आणि मी समजून चालले की उंदीर घाबरटच असतो.

पुढचे तीन महिने मी उंदरांच्या वागणुकीच्या चाचण्या केल्या. भीती मोजायच्या चाचणीत उंचावर फुलीच्या आकाराच्या चार पट्ट्या असतात, दोन भिंतींच्या आडोशाला, दोन उघड्या. भीती कमी असलेला उंदीर उघड्या पट्टीवरही फिरून येतो. माझे मात्र आडोसा सोडेनात, औषध दिलेलेही आणि न दिलेलेही. मग जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांचा २०१० सालचा शोधनिबंध वाचनात आला. शेपटीला धरून उचललेल्या उंदरांपेक्षा नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले उंदीर कमी घाबरतात, असं त्यांनी दाखवलं होतं. माझ्या आकड्यांत औषधापेक्षा माझ्या हाताची भीतीच जास्त उतरली असणार. तो सगळा डेटा बाजूला ठेवावा लागला. त्यासाठी गेलेल्या जिवांचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगते, पहिले दोन आठवडे प्रयोग लावू नका. प्रत्येक पिंजऱ्यात प्लॅस्टिकची एक नळी ठेवा. उचलायचं असेल तेव्हा उंदराला हळूच नळीकडे वळवा, तो आपणहून आत शिरतो. नळी उचला, ओंजळीत उतरवून घ्या, परत सोडा. रोज दोनेक मिनिटं पुरतात. नळ्यांची अदलाबदल तेवढी करू नका, परक्या नराचा वास उंदरांना बेचैन करतो.

याच दिवसांत घरटं बघायला शिका. प्राणीगृहाचं तापमान साधारण २० ते २४ अंश असतं, ते आपल्याला बरं वाटतं. उंदराला ऊब हवी असते ३० अंशांच्या आसपास. ही तूट तो घरट्याने भरून काढतो. कागदाच्या पट्ट्या भरपूर दिल्या की धडधाकट उंदीर रातोरात वाटीसारखं, वरून झाकलेलं घरटं बांधतो. काल नीट असलेलं घरटं आज विस्कटलेलं दिसलं, तर वजन करा, अंगावरचे केस बघा, दात बघा. पिंजरा बदलताना जुन्या घरट्याचा कोरडा भाग नव्या पिंजऱ्यात ठेवा. ओळखीचा वास राहिला की नरांची भांडणं कमी होतात. मुताने भिजलेला भुसा मात्र नेऊ नका, त्याने भांडणं वाढू शकतात.

दुखणं उंदीर लपवतो. बारीक झालेले डोळे, फुगलेलं नाक आणि गाल, मागे ओढलेले कान, बदललेल्या मिशा, एवढ्यावरून ते ओळखायचं असतं. दार उघडल्या उघडल्या पिंजऱ्याला हात लावू नका, आधी लांबून बघा.

जातीचं नाव वहीत पूर्ण लिहा. सी५७ब्लॅक६च्या ‘जे’ आणि ‘एन’ या उपजाती जनुकीयदृष्ट्या वेगळ्या आहेत, एकीचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट, दुसरीला चालत नाही. मादीची गर्भावस्था १९ ते २१ दिवसांची. व्याल्यावर दिवसभरातच ती पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा नर कधी काढायचा ते आधीच ठरवा. आणि मास्क, हातमोजे रोज घाला. उंदरांच्या मूत्रातल्या प्रथिनांची ॲलर्जी अनेकांना काही महिन्यांनी सुरू होते.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीचा अर्ज भरताना रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९मध्ये मांडलेली तीन तत्त्वं समोर येतील : प्राण्यांऐवजी पर्याय शोधा, संख्या कमी ठेवा, यातना कमी करा. संख्येचा रकाना अंदाजाने भरू नका, संख्याशास्त्र जाणणाऱ्याबरोबर बसा. फार कमी उंदीर घेऊन काहीच सिद्ध झालं नाही, तर तेही वाया जातात.

उरला मारण्याचा भाग. उंदीर किती आजारी झाला की थांबायचं, हे प्रयोगाआधी लिहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी वजनातली २० टक्के घट ही मर्यादा धरतात. ऐनवेळी ‘आणखी एक दिवस बघू’ असं मन म्हणतं, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो. हाताने मारण्याची पद्धत आधी मेलेल्या उंदरांवर शिका, मग जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करा. वायू वापरलात तर श्वास थांबल्यावर लगेच पिशवीत टाकू नका, दुसऱ्या पद्धतीने मृत्यूची खात्री करा. आणि त्या दिवशी घाईचं दुसरं कोणतंच काम ठेवू नका.