जुळ्यांना घेऊन इंदूरहून विमानानं

इंदूरहून मुंबई काय किंवा पुणं काय, विमान हवेत असतं ते तास-सव्वा तास. लोकमान्य नगरातल्या शेजारणी विचारतात, "विमानात दोघांना कसं गं सांभाळतेस?" खरं तर विमानात सांभाळायला फारसं काही नसतंच. कस लागतो तो घरून निघाल्यापासून विमानाचं दार लागेपर्यंत, आणि मग उतरतानाच्या शेवटच्या पंचवीस-तीस मिनिटांत. मधला वेळ पोरं पुढच्या सीटच्या खिशातलं कार्ड चावण्यात घालवतात. म्हणून तयारी या दोन टोकांची करायची. खेळण्यांची पोतडी, टॅब, गाणी वगैरे सगळं नंतर.

माझी दोघं जुळी. थोरली आणि धाकटा असं म्हणतो, पण अंतर काही मिनिटांचंच. माहेर पुण्याला, नणंद बेंगळुरूला, त्यामुळे रांगायला लागायच्या आधीपासून त्यांची विमानवारी सुरू झाली. सोबतीला कधी हे असतात, कधी आमच्या आई, म्हणजे सासूबाई.

तिकीट काढताना

दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसतं. सीट नसली तरी तिकीट लागतंच, देशातल्या विमानांत त्याचे बहुधा ठरावीक पैसे घेतात. मोठ्यांचं बुकिंग करतानाच बाळाचं नावही घाला. एका विमानात किती तान्ही घ्यायची यालाही मर्यादा असते, त्यामुळे "काउंटरवर बघू" म्हणू नये. दुसरा वाढदिवस सुट्टीच्या मधेच येत असेल तर जाताना मांडीवर आणि येताना पूर्ण तिकिटाची सीट, हा हिशेब आधीच करून ठेवा. अगदी नवजात बाळ किती दिवसांचं झालं की चालतं, हा नियम कंपनीगणिक वेगळा असतो. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर तिकिटाआधी बालरोगतज्ज्ञ.

वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला किंवा बाळाचं निळं आधार जवळ ठेवा. फोनमध्ये फोटो आहे म्हणून थांबू नका, एक छापील प्रत पर्समध्ये असू द्या. तान्हं बरोबर असलं की वेब चेक-इन पुष्कळदा अडतं आणि काउंटरवर जावंच लागतं. देशातल्या विमानांचे काउंटर साधारण सुटायच्या तासभर आधी बंद होतात.

आता जुळ्यांची गोष्ट, कारण ही कोणी आधी सांगत नाही. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ. शिवाय एअरबससारख्या विमानात तीन सीटांच्या वर ऑक्सिजनचे मास्क चार असतात: तीन बसलेल्यांचे, एक मांडीवरच्याचा. म्हणून एकाच बाजूच्या तीन सीटांत दोन तान्ही बसवत नाहीत. नवरा-बायको शेजारी बसून दोन मांड्यांवर दोन बाळं, हा फोटो विसरा. आम्ही मधल्या वाटेच्या अल्याडपल्याड बसतो, म्हणजे बाटली, रुमाल, बिस्किट हातोहात देता येतं. या जागेचा एकच धोका, खाण्याची गाडी. ती आली की बाळाचे पाय आणि डोकं आत घ्यायचं आणि चहा कॉफी काही मागायची नाही. शेजाऱ्याचा चहा आपल्या डोक्यावरून जात असेल तर सरळ "जरा थांबा" म्हणायचं, संकोच करायचा नाही. एकच बाळ असेल तर मात्र खिडकी घ्या. आपत्कालीन दाराच्या ओळीत मुलांसह कोणालाच बसू देत नाहीत.

मुलं दोनच्या पुढची असतील तर सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, काढा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी, असं डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितलं आहे. स्वस्त पडतं म्हणून तुकड्यातुकड्यानं बुकिंग केलं की हा आधार जातो.

वेळ कुठली? एप्रिल-मेमध्ये सकाळचं विमान. आपल्या माळव्यात दुपारी जमीन तापली की गरम हवा वर उठते आणि विमान हिंदकळतं, त्यात पंख्यांचं छोटं एटीआर असेल तर ते खालून उडतं, त्याला जास्तच बसतं. डिसेंबर-जानेवारीत उलट. दिल्लीच्या धुक्यात पहाटेची विमानं अडकतात आणि तेच विमान पुढे इंदूरला यायचं असेल तर इथे ऊन पडलेलं असूनही आपण बसून. तेव्हा अकरा-बाराच्या पुढचं बरं. "बाळाच्या झोपेची वेळ बघून तिकीट काढा" हा सल्ला मला कधीच पटला नाही. झोपेच्या वेळी तपासणीची रांग आली की झोपही जाते आणि आपलं डोकंही.

पिशवी

एकच पिशवी, खांद्याला अडकणारी, सीटखाली मावणारी. आपण सीटचा पट्टा लावून बसलेलो असताना वरच्या कप्प्यातल्या सामानापर्यंत हात पोचत नाही. एटीआरचे कप्पे तर इतके लहान की चाकांची बॅग बहुधा खालीच पाठवतात.

डायपर प्रवासाच्या तासांना पुरतील तेवढे आणि वर दोन-तीन. प्रत्येक डायपर, थोडे वाइप्स आणि एक रिकामी पिशवी अशी सुटी पुडी बांधून ठेवा, विमानाच्या संडासात अख्खी बॅग घेऊन वळता येत नाही. मोठ्या विमानात एखाद्या संडासात भिंतीला घडीची फळी असते, कुठल्या ते बसल्याबसल्या विचारून घ्या. एटीआरमध्ये तिच्यावर भरवसा धरू नये. बोर्डिंगच्या आधी बेबी केअर रूममध्ये बदलून घेतलं की सव्वा तास निभतो.

बाळाचे कपडे दोन जोड, हे सगळेच नेतात. स्वतःचा एक कुर्ता न्या. बाळ ओकतं ते आपल्या अंगावर, आणि मग बेंगळुरूपर्यंत त्याच वासात बसायचं असतं. एक मऊ जुनं दुपटं हवंच. एसी गार लागतो, पाजताना आडोसा होतो, सांडलेलं पुसता येतं.

वरचं दूध असेल तर पावडर मापून छोट्या डब्यांत आणि उकळलेलं पाणी थर्मासमध्ये. तयार दूध बाटलीत भरून उन्हाळ्यात नेऊ नका, नासतं. पाणी विमानात मागितलं तर देतात, पण ते कधी फार कढत असतं. मनगटावर थेंब टाकून बघितल्याशिवाय बाटलीत घालू नका. वर्षाच्या पुढच्यांना मी परमल, म्हणजे मुरमुरे, देते. एकेक दाणा उचलून खाण्यात वीस मिनिटं सहज जातात आणि सांडलं तरी डाग नाही. सेव नको (इंदूरकरांनी रागवू नये), तिखट बोट डोळ्यात गेलं की संपलं. अख्खे शेंगदाणे आणि गोळ्या लहान मुलांना अजिबात नकोत, विमान हललं की ठसका लागायचा. मऊभात-मेतकूट घरून निघतानाच पोटात गेलेलं बरं.

विमानाला उशीर झाला तर मागायचा हक्क आहे: अडीच तासांपर्यंतच्या छोट्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर डीजीसीएच्या नियमानं कंपनीनं खाणंपिणं द्यायचं असतं. ते मिळतं मोठ्यांच्या उपयोगाचं, सँडविच आणि ज्यूस. बाळाचं एक जेवण आपल्याकडे जास्तीचं असलेलं बरं.

झोप यावी म्हणून सर्दीचं सिरप पाजायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. काही मुलं त्यानं झोपण्याऐवजी आणखी चेकाळतात, आणि विनाकारण औषध ते औषधच. तापाचं औषध वजनाप्रमाणे किती द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन पिशवीत ठेवा.

बड्या गणपतीपासून गेटपर्यंत

एअरपोर्टच्या वाटेवरच्या बडा गणपती चौकात किती वेळ जाईल हे त्या गणपतीलाच ठाऊक. नवरात्रात बिजासन माता टेकडीची गर्दी एअरपोर्टच्या रस्त्यावर असते, तेव्हा अर्धा तास वरचा धरा.

बाबागाडी बहुतेक कंपन्या वेगळे पैसे न घेता नेतात. मी ती काउंटरवर देत नाही, टॅग लावून घेते आणि विमानापर्यंत वापरते. मात्र तिथेच विचारायचं, उतरल्यावर ती दारात मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर. तपासणीत बाळाला उचलून घ्यावं लागतं, गाडी घडी होऊन मशीनमधून जाते. "मॅडम, बच्चे को गोद में लीजिए," हे वाक्य ऐकायच्या आधीच गाडीखालच्या जाळीतली बिस्किटं, खुळखुळे आणि एक मोजा काढून ठेवलेला असावा.

बायकांची रांग वेगळी असते, पडद्याआड तपासणी. दोन बाळं आणि दोन मोठी माणसं असतील तर एकेकानं एकेक घ्यायचं, आणि जो आधी पलीकडे जाईल त्यानं ट्रे गोळा करायचे. दूध, पाणी, औषध बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा. प्रवासापुरतं असेल तर अडवत नाहीत, फार तर झाकण उघडायला सांगतात. पॉवर बँक हातातल्या सामानातच हवी, खाली द्यायच्या बॅगेत चालत नाही.

चांदीचे वाळे आणि साखळी घरीच काढा. आमच्या आईंना ते पटत नाही, "बाळाचे पाय ओकेबोके दिसतात," म्हणतात. पण दारात यंत्र वाजलं की हातातलं यंत्र बाळाच्या अंगावरून फिरतं आणि ते नेमकं तेव्हाच भोकाड पसरतं. वाळे पर्समध्ये ठेवा, काळा दोरा वाजत नाही, तो राहू दे. तिटेचंही यंत्राला काही वाटत नाही. मोठ्या मुलांची खेळण्यातली बंदूक हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून परतणाऱ्या भाच्याच्या हातात बंदुकीसारखी पिचकारी असेल तर ती मोठ्या बॅगेत.

लहान मुलं असलेल्यांना आधी आत बोलावतात. सगळ्यांनी जायची गरज नाही. एकानं सामान घेऊन पुढे जायचं, दुसऱ्यानं पोरांना गेटसमोर शेवटपर्यंत पळवायचं. दमलेलं मूल सीटवर बसतं, ताजंतवानं मूल सीटवर चढतं.

पट्टा आणि कान

मांडीवरच्या बाळाचा पट्टा वेगळा मिळतो, तो आपल्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटावर लावायचा. दोघांना मिळून एकच पट्टा कधीच नाही, झटका बसला तर आपलं वजन बाळावर येतं. आणि मास्क पडलेच तर आधी आपला, मग बाळाचा. आपणच बेशुद्ध पडलो तर बाळाला कोण लावणार?

आता कान. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तितपत विरळ होते. चढताना कानातली हवा आपोआप बाहेर पडते, फारसा त्रास नाही. उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि घशातून कानाकडे जाणारी नळी उघडल्याशिवाय तो समान होत नाही. ती उघडते गिळताना. बाळांची नळी बारीक आणि आडवी, म्हणून त्यांना जास्त दुखतं. इंदूर आणि पुणं दोन्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर, मुंबई समुद्राला टेकलेली. त्यामुळे मुंबईला उतरताना कानांना जास्त दाब सोसावा लागतो, हे लक्षात ठेवा.

उपाय एकच, उतरताना बाळानं गिळत राहायचं. अंगावर पाजा, बाटली द्या, मोठ्यांना घोट घोट पाणी किंवा चावायला काहीतरी. त्यासाठी विमान चढताना पोटभर पाजू नका, नेमकी इथेच बहुतेकांची दूधबाटली रिकामी असते. उतरायला सुरुवात जमिनीला टेकायच्या वीस-तीस मिनिटं आधी होते, घोषणेची वाट बघू नका, घड्याळ बघा. झोपलेलं बाळ कमी गिळतं, म्हणून तेव्हा मी हलकेच उठवते. शेजारचे चमत्कारिक बघतात, बघू देत. पट्टा तसाच ठेवून पाजायचं. कानात कापूस घालून दाबाचा प्रश्न सुटत नाही, दाब पडद्याच्या मागे असतो. आवाज मात्र कमी होतो, म्हणून आईंनी घातलेली कानटोपी मी काढत नाही. सर्दी भरलेली असेल किंवा कान दुखत असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा, आणि ते नको म्हणाले तर तारीख बदला.

रांगायला लागलेल्या पण अजून एका जागी न बसणाऱ्या पोरांसाठी मुंबईला मला विमानापेक्षा रात्रीची अवंतिका एक्स्प्रेसच बरी वाटते. पैसेही वाचतात.

परदेशी जायचं असेल तर बाळाचा स्वतःचा पासपोर्ट हवा, आणि पाळण्याची जागा मोठ्या विमानात पुढच्या भिंतीलगत मोजकीच असते, तिकीट काढल्याबरोबर फोन करून मागून घ्या. इंदूरहून दिल्ली-मुंबईपर्यंतच्या विमानात ती नसते. विमान बदलायला निदान तीन तास ठेवा.

उतरल्यावर उभं राहायची घाई करू नका. सगळ्यांना जाऊ द्या, तेवढ्यात सीटखाली हात घालून मोजा शोधा, आणि बाबागाडी कुठे मिळणार ते दारातल्या मुलीला पुन्हा एकदा विचारा.