मशीनवर बीपी पडतं तेव्हा

डायलिसिसच्या मशीनवर पेशंट जांभया द्यायला लागला की मी आधी त्याचं बीपी बघते. नातेवाईकांना वाटतं झोप आली असेल, पण बऱ्याचदा बीपी उतरायला लागलेलं असतं. जांभया, कपाळावर घाम, मळमळ, पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं एक जरी जाणवलं तरी लगेच हाक मारा. आम्ही दुसऱ्या बेडवर असलो तरी मारा. वेळेत कळलं तर पाणी काढणं थांबवून, डोकं खाली, पाय वर करून, लागलंच तर १००-२०० मिली सलाईन देऊन भागतं. छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका.

मशीन पाणी ओढतं ते रक्तातून. सुजेतलं पाणी रक्तात उतरायला वेळ लागतो, आणि ओढायचा वेग त्याहून जास्त झाला की बीपी पडतं. म्हणून किलोमागे तासाला १३ मिलीच्या वर जाऊ नये, असं धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ४ तासांत जेमतेम ३ लिटर. तो दोन डायलिसिसच्या मधे ४ किलो, म्हणजे ४ लिटर पाणी, वाढवून आला आणि "आजच सगळं काढा" म्हणाला, तर शरीराला ते झेपत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी तास वाढवून दिला तर कंटाळू नका, बसा.

वजन वाढतं ते मिठामुळे. पाणी मोजून प्यायचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण खारट खाल्ल्यावर तहान कुणाला आवरते? दिवसाचं सगळं मीठ एका सपाट चहाच्या चमच्याच्या आत हवं, भाजी-आमटीतलं धरून. लोणचं, पापड, फरसाण, सुकट घरात उघडी ठेवूच नका. आणि 'कमी सोडियमचं' मीठ कृपा करून आणू नका! त्यात पोटॅशियम असतं, तुमच्या हृदयाला ते घातक आहे. साखर वाढली तरी तहान वाढते, हे मधुमेह असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

बीपीची गोळी डायलिसिसच्या आधी घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका. मशीनवर असताना पोटभर जेवू नका, रक्त पोटाकडे वळतं. बीपी टिकावं म्हणून आम्ही कधी मशीनचं तापमान ३६ किंवा ३५.५ अंशांवर आणतो. थंडी वाजेल, चादर आणा, पण फिस्टुलाचा (सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) हात उघडा राहू द्या. सुई निसटली तर आम्हाला दिसली पाहिजे.

वजन फारसं वाढलेलं नसतानाही शेवटच्या तासात सारखं बीपी पडत असेल, तर ड्राय वेट, म्हणजे जादाचं पाणी निघाल्यावरचं वजन, पुन्हा ठरवायला सांगा. भूक सुधारून अंग भरलं की जुना आकडा चालत नाही.

सुया काढल्यावर लगेच उभं राहू नका. थोडं बसा, उभ्यानं बीपी मोजून घ्या. बीपी पडलं असेल त्या दिवशी घरी गेल्यावर फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का बघा. लागत नसेल तर फिस्टुला बंद पडली असू शकते, सकाळची वाट न बघता त्याच वेळी सेंटरला फोन करा.