एक ओळ म्हणजे काय? दूध संघाच्या डेटाबेसवर रिपोर्ट करताना शिकलेलं

दूध संघाच्या संगणक विभागात लागले त्या पहिल्याच महिन्यात मी एक बैठक पाहिली. संकलन अधिकाऱ्यांच्या हातात एक कागद, लेखा विभागाच्या हातात दुसरा. दोन्ही आमच्याच डेटाबेसमधून निघालेले, दोन्हींवर मथळा ‘मासिक दूध संकलन’, आणि खालची बेरीज वेगवेगळी. खरा आकडा कुठला, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा खोलीत कुणालाच उत्तर देता आलं नाही.

कारण शोधायला दोन दिवस लागले. एका कागदावर दूध किलोत होतं, दुसऱ्यावर लिटरमध्ये. एक लिटर दूध साधारण 1.03 किलो भरतं, म्हणजे तीन टक्क्यांचा फरक तिथेच पडला. शिवाय एकाने संध्याकाळच्या पाळीचं दूध गावच्या संस्थेत घातलं त्या तारखेला धरलं होतं, दुसऱ्याने टँकर डेअरीत पोचला त्या तारखेला. चूक कुणाचीच नव्हती. दोघांनी दोन वेगळे प्रश्न विचारले होते आणि उत्तरांना नाव मात्र एकच दिलं होतं.

रिपोर्टिंगच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आधी ही बैठक सांगते. बहुतेकांना वाटतं की आपलं काम क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा लेखी प्रश्न, लिहिण्याचं आहे. क्वेरी दोन-तीन महिन्यांत जमायला लागते. पण ज्या शब्दांवर ती उभी असते, त्यांचा अर्थ कुठेतरी एकाच जागी लिहिलेला नसेल तर दर महिन्याला तीच क्वेरी नव्याने लिहावी लागते आणि दर वेळी थोडी वेगळी लिहिली जाते.

आमच्याकडे तसंच झालं होतं. सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये क्वेरींच्या फाइली साठल्या होत्या: ‘संकलन नवीन’, ‘संकलन नवीन 2’, ‘संकलन फायनल’, ‘संकलन फायनल साहेब’. मी एक कोरी एक्सेल शीट उघडली आणि प्रत्येक रिपोर्टसाठी एक ओळ लिहीत गेले. हा कोण मागतं, कधी मागतं, बघून काय ठरवतं, शेवटचा कधी काढला. सगळ्यात महत्त्वाचा रकाना तिसरा, काय ठरवतं. तो भरायला लोकांच्या टेबलापाशी जाऊन बसावं लागतं. काही रिपोर्ट तर दर महिन्याला छापून थेट फायलीला लागत होते, ते मागणारे साहेब कधीच निवृत्त झाले होते. ते विचारून बंद केले. उरलेल्यांत बरेचसे एकमेकांची भावंडं निघाले, फरक फक्त तारखेचा, तालुक्याचा, नाहीतर गाय-म्हैस असा. तारीख, रूट आणि दुधाचा प्रकार पॅरामीटर म्हणून बाहेरून द्यायची सोय केली, की अशा डझनभर फाइलींचं काम एक फाइल करते. नव्या माणसाने हे काम टाळू नये. त्यात कोडची एकही ओळ लिहिली जात नाही, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

त्यानंतर आम्ही व्याख्यांची वही घातली. साधी, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक शब्द एका मराठी वाक्यात लिहायचा आणि खाली संबंधित विभागप्रमुखांची सही घ्यायची. ‘दुधाची तारीख म्हणजे उत्पादकाने संस्थेत दूध घातलं ती तारीख, टँकरची तारीख वेगळी, तिला आवक तारीख म्हणायचं.’ ‘चालू उत्पादक म्हणजे गेल्या तीन बिलांपैकी एकात तरी ज्याचं दूध आहे तो.’ इथे पुष्कळ चर्चा झाली, कारण सहकार कायद्यातला ‘क्रियाशील सभासद’ वेगळा आणि संकलनवाल्यांच्या बोलण्यातला चालू उत्पादक वेगळा. दोन्हींना दोन नावं दिली तेव्हाच वाद मिटला. सहीचा आग्रह मी अजूनही धरते. तोंडी ठरलेली व्याख्या मार्चअखेरपर्यंत टिकत नाही.

वहीतलं वाक्य मग डेटाबेसमध्ये एका व्ह्यूच्या, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या क्वेरीच्या, रूपात उतरवायचं. आमची रचना तीन थरांची आहे. खाली मूळ टेबलं, त्यांना रिपोर्टने थेट हात लावायचा नाही. मधे व्याख्यांचे व्ह्यू: लिटरचं किलो तिथेच होतं, रद्द झालेल्या पावत्या तिथेच गळतात, त्या दिवशी लागू असलेलं दरपत्रक तिथेच जोडलं जातं. वर रिपोर्ट, ते फक्त व्ह्यूंमधून वाचतात. उद्या व्याख्या बदलली तर एक व्ह्यू बदलायचा, त्यावरचे सगळे रिपोर्ट आपोआप सुधारतात.

प्रत्येक व्ह्यूच्या डोक्यावर मी एक वाक्य लिहून ठेवते: ‘यातली एक ओळ म्हणजे एका उत्पादकाचं एका पाळीचं एका प्रकारचं दूध.’ डेटा वेअरहाउसच्या, म्हणजे रिपोर्टसाठी डेटा एकत्र साठवण्याच्या, क्षेत्रात राल्फ किंबॉल यांनी याच गोष्टीवर भर दिला, टेबलातली एक ओळ नेमकं काय दाखवते हे आधी ठरवा आणि मगच पुढे जा. हे वाक्य नसेल तर काय होतं ते आमच्याच बिलात दिसलं. बिल दहा दिवसांचं. समजा एका उत्पादकाच्या दोन्ही वेळच्या दुधाच्या वीस ओळी आहेत आणि कपातीच्या तीन: पशुखाद्य, उचल, औषधं. कुणीतरी दूध आणि कपात ही दोन टेबलं उत्पादक क्रमांकावर थेट जॉइन केली, म्हणजे त्या क्रमांकाची इकडची प्रत्येक ओळ तिकडच्या प्रत्येक ओळीला जोडली. वीस गुणिले तीन, साठ ओळी तयार झाल्या. बेरीज घेतली तर दूध तिप्पट आणि कपात वीसपट. क्वेरी कुठेही अडत नाही, लाल अक्षरात काही येत नाही, आकडा तेवढा खोटा येतो. उपाय सोपा आहे. आधी दुधाची बेरीज करून एका उत्पादकाची एका बिलाची एक ओळ करायची, कपातीचंही तसंच, आणि मग या दोन एकेका ओळी जोडायच्या. नव्यांपैकी काहीजण अशा वेळी ‘डिस्टिंक्ट’ (सारख्या ओळी एकदाच दाखवणारा शब्द) लावून ओळी कमी करायला बघतात. तसं करू नका. एकाच उत्पादकाने सकाळ-संध्याकाळ नेमकं सारखंच दूध घातलं असेल, तर त्यातली एक खरी नोंद त्यात जाते.

तारखांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. संकलनाच्या नोंदीत तारखेबरोबर वेळही साठवलेली असते. मी ‘बिटवीन’ (या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, अशी अट) वापरून 1 एप्रिल ते 31 मार्च असा वर्षाचा रिपोर्ट काढला. नुसतं 31 मार्च लिहिलं की डेटाबेस त्याचा अर्थ 31 मार्चच्या पहाटेचे शून्य वाजता असा घेतो. त्या दिवशी सकाळी सहाला घातलेलं दूध त्याच्या पुढचं, म्हणून गेलं, आणि संध्याकाळचंही गेलं. दहा दिवसांच्या बिलात हीच चूक झाली तर एक दशांश दूध गायब होतं आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेचा सचिव दारात उभा राहतो. वर्षाच्या रिपोर्टात 365 पैकी एकच दिवस जातो, टक्क्यात बघितलं तर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आमच्या लेखापालांनी पासबुकाशी ताळा घेतला म्हणून ते सापडलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: सुरुवातीची तारीख ‘पेक्षा मोठी किंवा बरोबर’, आणि शेवट नेहमी पुढच्या दिवसाच्या आत, म्हणजे 1 एप्रिल ‘पेक्षा लहान’. महिना 28 चा असो की 31 चा, हे चुकत नाही. तारखेच्या कॉलमवर वर्ष काढायचं फंक्शन लावून गाळणंही टाळा. बहुतेक वेळा त्याने इंडेक्सचा, म्हणजे ओळी पटकन शोधायच्या सूचीचा, उपयोग होत नाही आणि मोठ्या टेबलावर रिपोर्ट रखडतो.

सोबत एक कॅलेंडर टेबल ठेवा. एका दिवसाची एक ओळ, आणि पुढे आर्थिक वर्ष, तिमाही, बिल क्रमांक. 1 ते 10, 11 ते 20, 21 ते महिनाअखेर अशी आमची बिलं. हा हिशोब प्रत्येक क्वेरीत ‘केस’च्या अटी लावून करण्यापेक्षा एकदा टेबलात भरला की सुटलो.

सरासरीचं प्रकरणही असंच. एका संस्थेचं दूध 900 किलो, फॅट 3.6, दुसरीचं 100 किलो, फॅट 4.6. सरळ ‘एव्हरेज’ लावलं तर 4.1 येतं. पण खरी फॅट काढायची तर किलो फॅट मोजावी लागते: 32.4 अधिक 4.6, म्हणजे 1000 किलोत 37 किलो, अर्थात 3.7. दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ठरतो, म्हणून या फरकाचे पैसे होतात. गाय आणि म्हशीचं एकत्र सरासरी काढणं तर निरर्थकच, गाईला फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.5 धरतात, म्हशीला 6 आणि 9. आमच्या व्ह्यूमध्ये सरासरीचा कॉलम मुद्दामच नाही. किलो दूध आणि किलो फॅट असे दोन कॉलम आहेत, भागाकार सगळ्यात शेवटी, रिपोर्टात.

एक्सेलमध्ये देताना उत्पादक क्रमांक मजकूर म्हणूनच द्या, नाहीतर 0042 चा 42 होतो आणि पुढच्या वेळी कुणाशीच जुळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर असाल तर गावांची मराठी नावं एनव्हारचार या कॉलम-प्रकारात ठेवा, नाहीतर गडहिंग्लजच्या जागी प्रश्नचिन्हं छापून येतात. पैशांसाठी फ्लोट हा प्रकार नको, तो अपूर्णांक अंदाजे साठवतो, डेसिमल घ्या. क्वेरींच्या फाइली गिटमध्ये, म्हणजे फाइलीतला प्रत्येक बदल जपणाऱ्या साधनात, ठेवल्या की ‘फायनल साहेब’ असं नाव द्यायची वेळ येत नाही.

शिकायला सुरुवात कशी करावी, असं विचारतात. क्वेरी ज्या भाषेत लिहितात त्या एसक्यूएलची सुरुवात 1974 च्या सुमारास आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी केली, आणि आज रिपोर्ट दाखवणारी साधनं कितीही बदलली तरी खाली तीच भाषा चालते. म्हणून डॅशबोर्डच्या साधनावर महिने घालवण्याआधी पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आपल्या मशीनवर टाका, तो मोफत आहे, आणि जॉइन, ग्रुप बाय (गट करून बेरीज), नल (जिथे किंमतच नाही अशी जागा) हे तीन विषय पक्के करा. नलवर जास्त वेळ द्या. लेफ्ट जॉइन डाव्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवतो, पण उजव्या टेबलाची अट ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे शेवटच्या गाळणीत, टाकली की दूध न घातलेले उत्पादक यादीतून गुपचूप गळतात, आणि अनेकदा रिपोर्ट मागणाऱ्याला नेमके तेच हवे असतात. विंडो फंक्शन (ओळी न मिटवता चालू बेरीज वगैरे काढणं) त्यानंतर.

आमच्याकडे नवीन कुणी आलं की पहिल्या आठवड्यात मी एकच काम देते. एका संस्थेतला एक उत्पादक आणि त्याचं एक बिल घ्यायचं, दुधाच्या छापील पावत्या मागवायच्या आणि वीसही ओळी कॅल्क्युलेटरवर मिळवायच्या. किलो दूध, किलो फॅट, कपात, देय रक्कम. मग तेच आकडे व्ह्यूमधून काढायचे. पैशापर्यंत जुळले की पुढच्या उत्पादकाकडे. नाही जुळले तर माझ्याकडे यायचं, पावत्या घेऊन, आणि आम्ही दोघी टेबलावर पसरून एकेक ओळ बघतो.