घटवलेले वजन परत का येते? भुकेशी झगडताना होणाऱ्या या चुका टाळा

जानेवारीत पहाटे तलावपाळीवर फेऱ्या मारणाऱ्यांची दाटी होते आणि होळीच्या सुमारास नेहमीचीच मंडळी उरतात, हे ठाणेकरांना नवीन नाही. गळालेल्यांना आपण आळशी ठरवतो. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांनी पहिल्याच महिन्यात उपासमार करून स्वतःच्या शरीराला सावध केलेले असते.

ही उपासमार हीच सर्वांत महाग पडणारी चूक आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात आणि त्याच्या पातळीवरून मेंदूतील हायपोथॅलॅमसला साठ्याचा अंदाज येतो. आहार एकदम तोडला की चरबी जेवढी घटते त्याहून अधिक वेगाने लेप्टिन उतरते. मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो, भूक वाढवतो आणि ऊर्जेच्या खर्चाला कात्री लावतो. जठरातून येणारे घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरकही याच काळात वाढते. अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले, तेव्हा त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय उरला नाही आणि निर्बंध उठल्यावर अनेकांचे कितीही खाऊन समाधान होईना. वजन घटवल्यानंतर वर्षभरानेही ही संप्रेरके मूळ पातळीवर परतत नाहीत, असे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. म्हणून आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास घट पुरेशी मानावी, ताटातली भाकरी हद्दपार करण्याऐवजी शेजारी मटकीची उसळ किंवा अंडी वाढवावीत, कारण प्रथिनांनी पोट अधिक वेळ भरलेले वाटते, आणि स्नायू टिकावेत यासाठी चालण्याला वजने उचलण्याच्या व्यायामाची जोड द्यावी.

लेप्टिन वाढवण्याचा दावा करणाऱ्या पावडरींवर मात्र पैसे घालवू नयेत. 1994 साली अमेरिकी शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचे जनुक शोधले तेव्हा स्थूलतेवर रामबाण सापडला असे अनेकांना वाटले होते. पुढे कळले की बहुतेक स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असते, मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही एवढेच.

वजनकाट्यावर रोज रुसणेही व्यर्थ आहे. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत शरीर सुमारे 3 ग्रॅम पाणी साठवते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातली घसघशीत घट बरीचशी पाण्याची असते, आणि रात्री वाशीत खारट, चमचमीत पावभाजी खाल्ली तर सकाळी दिसणारा जादा किलोही चरबीचा नसतो. सात दिवसांची सरासरी पाहावी.

झोपेचा हिशेब तर कोणी ठेवतच नाही. रात्री उशिरा घोडबंदरला पोहोचून पहाटेची लोकल गाठणाऱ्याला दुपारी वडापावची अनावर ओढ लागली, तर त्याला केवळ जिभेचा दोष म्हणता येणार नाही. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा दहा तासांच्या झोपेच्या तुलनेत त्यांचे लेप्टिन 18 टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन 28 टक्क्यांनी अधिक भरले.

उसाच्या रसासारख्या गोड पेयांतल्या उष्मांकांची पोट जेवणाइतकी दखल घेत नाही, तेव्हा ती मोजूनच प्यावीत. एवढे सांभाळूनही वजन कारणाविना वाढत राहिले, तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी आणि स्टेरॉइडसारखी औषधे चालू असल्यास ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना त्यांची यादी दाखवावी.