कॉर्डलेस ड्रिल बंद पडलं? स्क्रू खोलायच्या आधी या चुका टाळा

मागच्या चवथीला माटोळीसाठी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट) स्लॅबला हूक मारायचे होते, ड्रिल काढलं तर ट्रिगर दबेचना. मला वाटलं स्विच जाम झाला, बॅटरी काढली आणि सरळ बॉडी खोलून बसलो, पुढचा गिअरबॉक्स उचलला तसे क्लचचे (जोर जास्त झाला की बिट फिरायचं थांबवणारा भाग) छर्रे टुणटुण करत सोफ्याखाली. नंतर कळलं, सरळ-उलटं फिरवायचं बटण मधोमध अडकलेलं, आणि मधोमध असलं की ट्रिगर लॉकच असतो! म्हणजे बिघाड काहीच नव्हता, बिघाड मी केला.

म्हणून आधी बाहेरून बघा. कटकट आवाज करून बिट थांबतंय तर बिटामागच्या आकड्यांच्या रिंगवरचा आकडा कमी असेल, ती क्लच सुटतेय, रिंग ड्रिलच्या चिन्हावर न्या. बिट फिरतंय पण आत जात नाही तर बहुतेक उलटं फिरतंय. आपल्याकडचा चिरा (जांभा दगड) मऊ, साध्या मोडवरही भोक पडतं, पण तेच मशीन काँक्रीटच्या स्लॅबला लावून जोर काढत बसलात तर मोटर तापून वास सुटणारच, तिथे हॅमर मोड आणि काँक्रीटचंच बिट पाहिजे.

खरी गडबड जास्त करून बॅटरीत असते. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये एकामागोमाग ५ लिथियम सेल असतात, फुल चार्जला प्रत्येकी ४.२ म्हणजे मल्टीमीटरवर २१ च्या आसपास दिसायला हवं. नुसतं ठेवल्यावर २० दाखवतं आणि भोक पाडायला घेतलं की मशीन लगेच मरतं, तर एखादा सेल गेलाय किंवा कॉन्टॅक्ट खराब आहेत. पॅक फारच उतरला असेल तर चार्जर घेतच नाही, मग काही लोक दुसऱ्या बॅटरीच्या वायरी जोडून त्याला 'जागं' करतात, व्हिडिओ बघून. कृपा करून हे नको, पार उतरलेला लिथियम सेल आतून खराब झालेला असू शकतो, चार्जिंगला पेटला तर घरात काय कराल? काम करून तापलेला पॅकही लगेच चार्जरला लावू नका, निवू द्या. पावसाळ्यात महिनोन्महिने पडून राहणार असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा.

आणि आपली हवा! जून ते सप्टेंबर दमट, किनाऱ्याजवळ वर खारी, कॉन्टॅक्टच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. मशीनकडच्या पट्ट्या बॅटरी काढूनच आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा. पॅकच्या पट्ट्या लोखंडी पात्याने खरवडू नका, शॉर्ट होईल. गंज काढायचा स्प्रे मोटरच्या फटीत मारणं ही पण आवडती चूक, आतल्या कार्बनवर (फिरत्या मोटरला वीज पोचवणारे ब्रश) तेल-धूळ बसून लगदा होतो.

ठिणग्या जास्त उडतायत, हाताने ठोकलं की चालतं, तर कार्बन झिजलाय, दोन्ही एकदमच बदला. स्वस्त मशीनमध्ये तो मोटरच्या डब्यातच बंद असतो, तिथे मोटरच बदलावी लागते. ब्रशलेस असेल तर कार्बन शोधतच बसू नका, नसतोच.

चक, म्हणजे बिट धरणारा पुढचा भाग, काढायचा झाला तर तोंड पूर्ण उघडून आत बघा, तिथे बहुतेक एक उलट्या आट्याचा स्क्रू असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. लोक नेहमीसारखा उलटा जोर लावतात आणि डोकं घासून टाकतात.

माझं मशीन जोडून झालं, चालतं पण. एक छर्रा अजून सापडलेला नाही, माटोळीचे हूक शेजाऱ्याच्या मशीनने मारले.